डॉक्टरबाईंनी मला दोनदा विचारले होते

प्रति,
माननीय प्रमुख अधिकारी,
जिल्हा आरोग्य कार्यालय,
वानासेला, मध्य जावा.

अर्जदार : तुमिराह (माझे नाव एवढेच आहे, आडनावाचा रकाना चुकून रिकामा राहिलेला नाही), वय ५८, धंदा बटाट्याची पोती शिवणे, राहणार काराङवेनिंग.

विषय : दिनांक १५ मार्च २०१८ रोजी मी दिलेला जबाब खोटा असल्याने माझ्याविरुद्ध तक्रार नोंदवून घेणेबाबत, व दातांच्या डॉक्टर कीनासिह यांच्या सेवापुस्तकातील शेरा काढून टाकणेबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज दिनांक २२ जुलै २०१९ (परत आला). २) माझा अर्ज दिनांक २ सप्टेंबर २०१९ (उत्तर नाही, पोच आहे).

महोदय,

याच विषयावर मी आपल्याला तिसऱ्यांदा लिहीत आहे. आधीचे दोन अर्ज कार्यालयाचा वेळ जाऊ नये म्हणून अर्ध्या पानात आटोपले होते, त्यामुळे काय घडले ते कोणाच्या लक्षात आले नसावे. सबब या वेळी सगळे लिहीत आहे. माझे दिवंगत पती वाहोनो हे आमच्या ग्रामकार्यालयात चोवीस वर्षे लेखनिक होते. त्यांच्या अर्जांच्या नकला माझ्याकडे आहेत, भाषा त्यावरून घेतली आहे. जेथे लोक काय बोलले ते सांगणे जरुरीचे आहे, तेथे ते बोलले तसेच लिहिले आहे. त्यासाठी नकलांमध्ये नमुना सापडला नाही.

१. माझ्या आजाराबाबत. मला थायरॉईडचा आजार आहे. आमच्या डोंगरात जुन्या बायकांमध्ये गलगंड पुष्कळ होता. माझ्या आईचा गळा तर असा वाढला होता की बाजारात तिला नावाने कोणी ओळखत नसे, गळ्यानेच ओळखत. मला २०१६ साली हातांना कापरे सुटू लागले, भात खाऊनही अंग उतरू लागले, छातीत धडधडू लागले. जिल्हा रुग्णालयात रक्त तपासून थायरॉईड वाढल्याचे सांगितले आणि गोळ्या दिल्या. गळ्याची गाठ लहान होती, डोक्यावरून घेतलेल्या ओढणीखाली झाकली जात होती. मी ती झाकली आणि गावात कोणाला सांगितले नाही. गोळ्या चार महिने घेतल्या. नंतर बरे वाटले म्हणून, आणि रुग्णालयापर्यंत तीन तासांचा प्रवास एकटीने करण्याचा कंटाळा म्हणून, घेणे सोडले. त्यासाठी कोणी जबाबदार नाही.

२. दातांबाबत. २०१७ च्या अखेरीस माझ्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले आणि खालचे मागचे तीन दात हलू लागले. तोंडाला वास येऊ लागला. तो मला स्वतःला आला नाही, इतरांवरून कळला. आमच्याकडे गुरुवारी दुपारी बायका धर्मग्रंथाच्या पठणाला एकत्र बसतात. मी चटईवर जेथे बसे तेथून बाजूला बसलेली बाई हळूच थोडी सरके, पुढच्या गुरुवारी आणखी थोडी. कोणी काही बोलले नाही. बोलले असते तर मी काही उत्तर दिले असते. पुढे मी तोंडावर ओढणीचा पदर धरून बसू लागले, आणि मग जाणेच बंद केले. पती होते तोवर अर्ज लिहून घ्यायला येणाऱ्यांनी आमची ओसरी भरलेली असे. ते गेल्यावर ओसरीवर फक्त पोती राहिली. ही माहिती विषयाला सोडून आहे असे वाटेल, परंतु पुढे परिच्छेद ४ मध्ये तिची गरज पडते.

३. घटनेबाबत. दिनांक ६ मार्च २०१८, मंगळवार, सकाळी मी आमच्या आरोग्य केंद्रात गेले. अकरा दिवस दाढ ठणकत होती, गाल सुजला होता. शेजारीण सातिनेम हिच्या घरी बटाटे काढायला माणसे लागलेली असूनही ती सोबत आली. दवाखान्याची खोली लहान आहे. खुर्चीपासून बाक दोन हातांवर. त्या बाकावर सातिनेम बसली होती.

डॉक्टर कीनासिह या तेव्हा सत्तावीस वर्षांच्या होत्या आणि आमच्या केंद्रात येऊन त्यांना सात महिने झाले होते. त्यांनी हातात कागद घेतला आणि मला आईच्या मानाने 'बू' म्हणून एकेक प्रश्न वाचला.

"बू, रक्तदाब आहे का? मधुमेह? हृदयाचा काही त्रास? थायरॉईड? कुठली गोळी चालू आहे?"

मी म्हणाले, "नाही."

त्यांनी खुणा केल्या. मग माझी हनुवटी धरून तोंड उघडले. महोदय, पती गेल्यापासून पाच वर्षांत माझ्या चेहऱ्याला कोणाचा हात लागला नव्हता. त्यांनी नाक मुरडले नाही. उलट त्या म्हणाल्या, "किती दिवस सहन केलंत हो हे?" तेवढ्यात त्यांची नजर माझ्या हातांकडे गेली. हात खुर्चीच्या कडेवर थरथरत होते.

"हात का कापतायत? खरंच काही नाही ना, बू? थायरॉईडचं वगैरे कुणी कधी सांगितलंय का?"

मी म्हणाले, "सुईची भीती वाटते, डॉक्टरबाई."

त्या हसल्या, म्हणाल्या, "सुईची मलासुद्धा वाटते. फक्त मी या बाजूला उभी असते."

मी खोटे का बोलले याची कारणे देते. ती सबब म्हणून धरू नयेत. एक, खरे सांगितले तर "आधी मोठ्या डॉक्टरांचं पत्र आणा" म्हणून परत पाठवतील, आणि दाढ आणखी महिनाभर ठणकेल. दुसरे, बाकावर सातिनेम बसली होती. तिच्यासमोर मला आईचा गळा नको होता.

इंजेक्शन दिल्यावर तीन-चार मिनिटांत माझे हृदय असे पळू लागले की कानात त्याचाच आवाज येई. अंग घामाने भिजले, छातीवर कोणीतरी बसल्यासारखे झाले, हातपाय आपले राहिले नाहीत. डॉक्टरबाईंनी काम तिथल्या तिथे थांबवले, मला आडवे केले, प्राणवायू लावला. केंद्राची रुग्णवाहिका दुसऱ्या गावी गेली होती. त्यांनी रस्त्यावर जाऊन कोबी भरलेला एक टेम्पो थांबवला, कोबी उतरवून घेतला आणि माझ्यासोबत मागे बसल्या. उताराच्या रस्त्याने तीन तास त्यांनी माझी नाडी सोडली नाही. दर थोड्या वेळाने विचारत, "बू, माझं नाव काय? सांगा बघू." मी नाव सांगितले की म्हणत, "बरोबर. आता तुमचं सांगा."

रुग्णालयात मला पाच दिवस ठेवले. तेथील डॉक्टरांनी गळ्याला हात लावून विचारले, "हे माहीत होतं का तुम्हाला?" मी नाही म्हणाले. एकदा नाही म्हटल्यावर दुसऱ्यांदा नाही म्हणणे सोपे जाते असा माझा अनुभव आहे. निघताना कोणीतरी माझ्या आरोग्य कार्डावर लाल शाईने लिहिले : "दात बधिर करण्याच्या औषधाची ॲलर्जी."

४. जबाबाबाबत. हा परिच्छेद आपण कृपया स्वतः वाचावा.

मी घरी आले त्या दिवशी संध्याकाळपासून माझ्याकडे माणसे येऊ लागली. सातिनेम भात घेऊन आली. पठणाच्या बायका आल्या, केळी आणली, सोयाबीनचे तळलेले तेंपे आणले, मला दाढेमुळे चावत नव्हते म्हणून एकीने तांदळाची पेज करून आणली. ओसरीवर बसायला जागा राहिली नाही. मला बोलावे लागत नव्हते. त्या बोलत होत्या.

"जीव घेतला असता त्या पोरीनं."

"काही विचारलं नाही, तपासलं नाही, खुपसली सुई."

"शहरातल्या ना. आपल्याला कोंबड्या समजतात."

मी "विचारले होते" असे म्हणायला तोंड उघडले होते. परंतु माझ्या शेजारी जी बसली होती ती तेव्हा सरकून दूर गेली नव्हती. तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला होता. मी तोंड मिटले.

चौथ्या दिवशी गावप्रमुख पाक दार्सोनो टाइप केलेला कागद घेऊन आले. त्यात लिहिले होते की डॉक्टरांनी मला कोणत्याही आजाराबद्दल विचारले नाही. ते म्हणाले, "सही करा, वहिनी. गावाचा प्रश्न आहे." ओसरीवर चौदा माणसे होती. मी सही केली. जबाब म्हणून आपल्या दप्तरात जो कागद आहे तो हाच. तो कोणी धमकावून घेतलेला नाही, मी वाचून सही केलेली आहे. मला वाचता येते.

त्यानंतर आणखी चार दिवस लोक आले. नवव्या दिवशी कोणी आले नाही. बटाट्याचे दिवस होते, हेही खरे आहे.

५. परिणामांबाबत. चौकशीत डॉक्टर कीनासिह यांनी प्रश्नांचा कागद दाखवला. त्यावर माझी सही नव्हती, कारण सहीआधीच मी आडवी झाले होते. सबब त्यांनी नंतर बसून खुणा केल्या असाव्यात असे मानण्यात आले. त्यांच्या सेवापुस्तकात "रुग्णाची माहिती न घेता इंजेक्शन दिले" असा शेरा मारून त्यांची जिल्ह्याच्या औषध कोठारात बदली करण्यात आली आणि रुग्णाला हात लावण्यास मनाई झाली. आमच्या केंद्रातील दातांची खोली तेव्हापासून बंद आहे. सध्या तेथे मच्छरदाण्या ठेवतात.

माझ्या बाबतीत असे झाले की लाल शेऱ्यामुळे एकही दातांचा डॉक्टर मला हात लावीना. मी तीन ठिकाणी गेले. तिसऱ्या ठिकाणी खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "शेरा आहे तोवर काही करता येणार नाही."

"शेरा कोण काढील?"

"ज्यांनी लिहिला ते."

"कोणी लिहिला?"

त्यांनी कार्ड उजेडात धरले, तिरपे करून पाहिले आणि परत दिले. "सही वाचता येत नाही."

ही तक्रार नाही. माझ्याच शब्दांनी हे घडले होते, आणि खिडकीवरच्या बाईंना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पंधरा महिने मी पातळ खिमट खाऊन काढले. एकेक दाढ फुटे, पू होई, ताप येई, पुन्हा बसे. रात्रंदिवस पोती शिवायची ती मी फक्त दिवसा शिवू लागले, कारण रात्री तापात सुई हाताला टोचे. पठणाला गेले नाही. रस्त्यात कोणी भेटले तर मान हलवून पुढे जात असे. माझा आवाज मला दुकानात मीठ मागताना ऐकू येई, तेवढाच.

६. उपचाराबाबत. थायरॉईडच्या गोळ्या मी परत सुरू केल्या होत्या. या वर्षी एप्रिलमध्ये रुग्णालयात डॉक्टर हार्योसेनो हे वयस्कर डॉक्टर मला मिळाले. त्यांनी लाल शेरा वाचला, माझे जुने सगळे कागद मागवले आणि बराच वेळ वाचत बसले. मग म्हणाले, "बू, ही ॲलर्जी नाहीच. ॲलर्जीत अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो. तुमचं हृदय पळालं. थायरॉईड वाढलेला असतो, औषध चालू नसतं, तेव्हा हृदय आधीच पळत असतं. दात बधिर करायच्या औषधात थोडं ॲड्रेनालिन घालतात, रक्त कमी यावं आणि औषध जागेवर राहावं म्हणून. धडधाकट माणसाला दोन मिनिटं धडधडतं आणि थांबतं. तुम्हाला ते पेटत्या चुलीत तेल ओतल्यासारखं झालं."

मी विचारले, "आणि दात?"

"तेही काही अंशी त्यानंच. हा आजार जबड्याचं हाड पोखरतो, हिरड्या लवकर जातात. दात आणि गळा वेगवेगळ्या खिडक्यांवर तपासतात, पण माणूस एकच असतो." त्यांनी कागद पुन्हा चाळले. "ते इंजेक्शन देण्याआधी त्या डॉक्टरबाईंना माहीत असतं तर त्यांनी दिलंच नसतं. आधी गोळ्यांनी थायरॉईड ताब्यात आणला असता, मग ॲड्रेनालिन नसलेलं औषध वापरलं असतं. साधी गोष्ट आहे." मग ते थांबले. माझ्या २०१६ सालच्या गोळ्यांची चिठ्ठी त्यांच्या हातात होती, तारखेसकट. त्यांनी माझ्याकडे पाहिले.  चिठ्ठी बाकीच्या कागदांसोबत मला परत दिली.

रक्त ताब्यात आल्यावर जून महिन्यात, त्यांच्या पत्रावरून, रुग्णालयातच माझे तीन दात काढले. औषध ॲड्रेनालिनशिवाय दिले, थोडे थोडे आणि सावकाश. छाती थोडीही धडधडली नाही. वीस मिनिटांत काम झाले. बाहेर बाकावर कापूस चावत बसले असता मला रडू आले. एवढ्या वीस मिनिटांच्या कामापायी डॉक्टर कीनासिह यांची खोली बंद पडायला नको होती, हे मला तेव्हा नीट कळले.

७. डॉक्टर कीनासिह यांच्या भेटीबाबत. जुलैच्या दहा तारखेला मी औषध कोठारात गेले. त्या शाळांना वाटायचे दात घासायचे ब्रश खोक्यांतून काढून मोजत होत्या. मला पाहून उठल्या. मला वाटले त्या मला ओळखणार नाहीत किंवा ओळखून आत जातील. त्या म्हणाल्या, "बू तुमिराह. दाढ कशी आहे?"

मी म्हणाले, "काढली. तिन्ही."

"दाखवा बघू."

त्यांना हात लावायला मनाई आहे. त्यांनी हात मागे बांधले, मला खिडकीशी उभे केले आणि नुसते डोळ्यांनी पाहिले. "छान भरून आलंय. डाव्या बाजूनं चावत जा अजून महिनाभर."

मग मी सांगितले. उभ्यानेच सांगितले. की तुम्ही विचारले होते, दोनदा विचारले होते, मी नाही म्हणाले होते, आणि मला माहीत होते.

त्या ब्रशांच्या खोक्यावर बसल्या. म्हणाल्या, "दोनदा ना?"

"दोनदा. दुसऱ्यांदा माझे हात बघून."

"मला वाटायला लागलं होतं की मी विचारलंच नसेल." त्या जमिनीकडे पाहून बोलत होत्या. "पहिल्यांदा मला खात्री होती. मग चौकशीत सगळे तेच तेच विचारत राहिले, तुमचा जबाब वाचून दाखवला. घरी येऊन मी तो दिवस आठवायची. रोज. आठवून आठवून तो झिजला. शेवटी मला माझा आवाज ऐकूच येईना. वाटलं, घाईत नुसत्या खुणा केल्या असतील. आईला पण तसंच सांगितलं मी. माझी चूक झाली म्हणून."

महोदय, मी त्यांच्या हातून रुग्ण काढून घेतले एवढेच मला माहीत होते. त्यांच्याकडून त्यांची स्वतःची आठवणही काढून घेतली, हे त्या दिवशी कळले. त्या मला एक शब्द वाईट बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला घरी जाणे सोपे गेले असते.

मी म्हणाले, "मी लिहून देते."

त्या म्हणाल्या, "तुम्हाला त्रास होईल, बू. खोट्या जबाबाला शिक्षा आहे. वर्षभर कार्ड बंद करतात. तुमच्या गोळ्या कार्डावर मिळतात."

"माहीत आहे."

"मग कशाला?"

त्याचे उत्तर हा अर्ज आहे.

८. पूर्वीच्या दोन अर्जांबाबत. पहिला अर्ज "प्रकरण बंद आहे" असा शेरा होऊन परत आला. दुसरा मी स्वतः खिडकी क्रमांक चारवर दिला. तेथील तरुण कारकुनाने तो वाचला आणि चष्मा काढला.

"बू, इथे लोक दुसऱ्यावर तक्रार करायला येतात. मागे घ्यायलाही येतात, पण प्रकरण चालू असताना. हे बंद झालंय. उघडायचं तर नवीन तक्रार लागते."

"करते."

"कोणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

त्याने संगणकावर भरायला घेतले. तक्रारदाराचे नाव तुमिराह. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याचे नाव तुमिराह. त्याने तीन वेळा बटण दाबले. मग म्हणाला, "दोन्हीकडे एकच नाव असलं की घेत नाही." मला आडनाव असते तर एका ठिकाणी ते घालून पाहिले असते. शेवटी त्याने अर्ज ठेवून घेतला, पोच दिली आणि हळूच म्हणाला, "दोन साक्षीदार जोडा, त्या दिवशी खोलीत असलेले. आणि कागदावर करा, संगणकावर नको."

खोलीत आम्ही तिघी होतो. डॉक्टरबाई स्वतःच्या साक्षीदार होऊ शकत नाहीत. उरली सातिनेम. मी तिच्याकडे गेले. ती ओट्यावर बटाटे निवडत होती. मी सगळे सांगितले. तिने मान वर केली नाही.

"झालं ते झालं. आता उकरून काय मिळणार आहे तुला? गावाची लाज जाईल."

"तू ऐकलं होतंस का?"

"मी बटाट्याच्या माणसांचा विचार करत होते. मला काही आठवत नाही."

पाक दार्सोनो यांच्याकडेही गेले. ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, तक्रार माझ्या सहीनं गेली. तुम्ही खोट्या ठरलात तर मीही खोटा ठरतो. वाहोनोंचं नाव तरी आठवा." मी त्यांचेच नाव आठवून गेले होते.

पुढच्या गुरुवारी मी पठणाला गेले. दीड वर्षानंतर. दात नव्हते, वास नव्हता. पठण संपल्यावर मी तेथेच उभी राहून सांगितले की मी खोटे बोलले, डॉक्टरबाईंनी विचारले होते. कोणी ओरडले नाही. एकीने चटया गुंडाळायला घेतल्या. एक म्हणाली, "आम्ही आठ दिवस तुझ्याकडे येऊन बसलो ते यासाठी?" तिचे म्हणणे बरोबर आहे. त्यानंतर मी जेथे बसते तेथून कोणी सरकत नाही. माझ्या शेजारी कोणी बसतच नाही. मी तरीही दर गुरुवारी जाते. ही शिक्षा कार्यालयाने विचारात घ्यावी असे माझे म्हणणे नाही.

९. तातडीबाबत. डॉक्टर कीनासिह यांच्या परवान्याच्या नूतनीकरणाचा निर्णय दिनांक ३१ ऑक्टोबर रोजी व्हायचा आहे. शेरा राहिल्यास परवाना मिळणार नाही असे मला कोठारातील शिपायाने सांगितले. त्यांनी स्वतः सांगितले नाही. आज चौदा तारीख आहे. सबब विनंती अशी की,

माझा दिनांक १५ मार्च २०१८ चा जबाब खोटा धरण्यात यावा, आणि तसे डॉक्टर कीनासिह यांना लेखी कळवावे. लेखी अशासाठी की त्यांना ते पुन्हा पुन्हा वाचता यावे.

त्यांच्या सेवापुस्तकातील शेरा निर्णयाच्या तारखेपूर्वी काढावा.

माझ्या कार्डावरील "ॲलर्जी" हा शब्द खोडून तेथे "थायरॉईड, ॲड्रेनालिन जपून" असे लिहावे. हे माझ्यासाठी मागत नाही. मी कुठे बेशुद्ध पडले तर दुसरा कोणी तरुण डॉक्टर माझ्यामुळे अडकू नये.

आणि आमच्या आरोग्य केंद्रात दातांच्या खुर्चीसमोर अशी पाटी लावावी की गळ्याचा, हृदयाचा, गोळ्यांचा प्रश्न विचारला असता खरे सांगावे. बाक मात्र खोलीबाहेर ठेवावा. काही गोष्टी माणूस शेजाऱ्यासमोर सांगत नाही.

खोट्या जबाबासाठी जी शिक्षा असेल ती मला मान्य आहे. कार्ड बंद होणार असल्यास ते शक्यतो नोव्हेंबरनंतर बंद करावे, कारण ऑक्टोबरच्या गोळ्या घेतल्या आहेत आणि नोव्हेंबरच्या डॉक्टर हार्योसेनो यांनी लिहून ठेवल्या आहेत. ही अट नाही, विचारणा आहे. चौकशीला बोलावल्यास मी येईन. सोबत कोणी आणण्याचा नियम असल्यास त्यातून सूट मिळावी.

कळावे, ही विनंती आता आपल्या हाती आहे.

आपली नम्र अर्जदार,
तुमिराह
काराङवेनिंग, सोमवार, दिनांक १४ ऑक्टोबर २०१९

सोबत जोडले आहे :
१) २०१६ सालच्या गोळ्यांची चिठ्ठी, तारखेसह (मूळ प्रत, माझ्याकडे दुसरी नाही).
२) डॉक्टर हार्योसेनो यांचे पत्र.
३) लाल शेरा असलेल्या कार्डाची नक्कल.
४) दुसऱ्या अर्जाची पोच.
५) साक्षीदाराचा कागद. याबाबत खालील मजकूर पाहावा.

ता. क. अर्ज पाकिटात घातल्यावर पुन्हा उघडावा लागला. साक्षीदाराच्या दोन्ही जागा मी रिकाम्या सोडल्या होत्या. आज दुपारी सातिनेम आली. ओसरीच्या खालीच उभी राहिली. म्हणाली, "कुठे करायचा अंगठा?"

मी कागद दिला, शाई दिली. ती म्हणाली, "ऐकलं होतं मी. दोनदा विचारलं तिनं. दुसऱ्यांदा तू भीतीचं सांगितलंस तेव्हा मी हसले पण होते." मग थोड्या वेळाने, "त्या आठ दिवसांत तुझ्या घरात माणसं बसलेली बघून मलाच बरं वाटलं होतं. म्हणून गप्प बसले."

मी म्हणाले चहा ठेवते, वर ये. ती म्हणाली बटाटे उन्हात आहेत, आणि गेली. दुसऱ्या साक्षीदाराची जागा रिकामीच आहे, त्याबद्दल क्षमस्व. पहिल्या जागेवरचा अंगठा स्पष्ट उठला आहे.